वीतभर पुढचं चाक

जळगाव, रविवार, संध्याकाळ

सायकल शर्यतीचे फोटो काढणाऱ्या बांधवांनो, आपण डांबरावर पालथे पडून चाक टिपतो आणि पेपरात छापून येतो पाहुण्यांचा हार! हे भाषण मी किती वेळा ठोकलं. आज मात्र माझीच दातखीळ बसली.

धुळे-जळगाव शर्यतीत अमळनेरच्या सुपडूचं चाक शेवटच्या, चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषेवरून वीतभर आधी गेलं. पण तो हँडलवर वाकलेला, त्यामुळे फीत त्याच्या पाठीवरून घसरली. मागच्याने छाती काढून ती तोडली. पंचांनी फीतच पाहिली, जणू पळण्याचीच शर्यत! राज्याच्या संघात आता तो मागचा जाणार.

दुपारी फोटो धुऊन शर्यत भरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांना दाखवला. हसले. "भाऊ, हार घालून झाला. आता वीत कसली मोजता?"

मी फोटो खिशात घातला. का? पुढच्या शर्यतीतही त्यांच्याच जीपमध्ये बसायचंय म्हणून?

मग सुपडू माझ्या फोटोच्या दुकानात आला. "भाऊ, मनं चाक पुढे व्हतं ना?"

"फोटो अजून धुतला नाही," म्हणालो. तो माझ्या खिशात होता.

वीतभर. मला दिसलेलं, रेषेवर फक्त मला.

संघाची यादी सकाळी जाईल. ऊठ, आत्ताच पंचांच्या घरी जा आणि तो फोटो त्यांच्या हातात दे.