राजेगावकडे तोंड केलेला अँटेना

अहो,

तुम्हाला जाऊन सात महिने झाले आणि आज लिहायला बसले. कारण काल घरी डिशवाला आला होता. आपल्या संजूनं नागपुरातून परस्पर ठरवलं. फोनवर म्हणाला, "मम्मी, टीवी चालू करवा ले, अकेली कितना बैठी रहेगी?" तो डिशवाला तुमचा अँटेना काढायला गच्चीवर गेला आणि वरूनच ओरडला, "आंटी, ये तार तो ऊपर से निकली हुई है! टीवी चलता कैसे था?"

मला काही कळेना. खाली टीव्हीमागे, वरच्या बूस्टरला वीज देणाऱ्या डबीचा लाल दिवा जळत होता. तुम्ही गेल्यापासून तो मी एकदाही बंद केलेला नाही. मग वर तार निघालेली कशी? गुडघे धरत जिना चढले.

पण ते नंतर सांगते. आधी मला भांडू द्या.

आठवतं का, लग्न होऊन मी गोंदियाकडून बालाघाटात आले तेव्हा या गल्लीत मराठी बोलणारं कुणी नव्हतं? कामवाली बाई हिंदीत, दूधवाला हिंदीत, टीव्हीसुद्धा हिंदीत. मी एकदा रडले. बोलणं तुमच्या स्वभावातच नव्हतं. दुसऱ्या दिवशी एक लांब पाइप, अँटेना आणि बूस्टर घेऊन आलात आणि सगळं गच्चीवर चढवलंत. अँटेनाचं तोंड राजेगावकडे, म्हणजे गोंदियाकडे, म्हणजे माझ्या माहेराकडे. संध्याकाळी पडद्यावर मुंग्यांच्या आडून मराठी बातम्या दिसल्या. मी हातातलं पीठ तसंच ठेवून समोर बसले होते.

बूस्टर टीव्हीमागे का ठेवला नाही, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "खाली येईस्तोवर चित्र तारेतच अर्धं मरून जाते वं. मंग बूस्टर काय वाढवन? मुंग्याच वाढवन." म्हणून तो वर, अँटेनाच्या अगदी खाली. त्याला लागणारी वीज मात्र खालून, त्याच तारेतून वर जाते, हे मला फार उशिरा कळलं. एकदा मी तो लाल दिवा बिनकामाचा समजून बंद केला आणि चित्र गेलं म्हणून तुम्ही भर उन्हात दोन तास वर तारेचे सांधे सोलत, टेप गुंडाळत बसलात!

"बंद काहून केलं वं थे?"

"मले वाटलं, उगाच जळून राह्यला."

तुम्ही रागावला नाहीत. 'हे बंद करू नये' अशी चिठ्ठी लिहून डबीवर चिकटवलीत. पाटबंधारे खात्याच्या स्टोअरमध्ये आयुष्य गेलेला माणूस, दुसरं काय करणार?

वारा सुटला की अँटेना फिरायचा. मग तुम्ही वर, मी खिडकीशी.

"आलं का वं?"

"नाही आलं! थोडं फिरवा!"

"आता?"

"गेलं! होतं थेही गेलं!"

संजू शिकायला गेला, तुम्ही रिटायर झालात, घरातलं बोलणं कमी होत गेलं. ही हाकाटी तेवढी राहिली.

मग तुम्ही जाण्याच्या दोन वर्षं आधी मराठी कार्यक्रम पाठवणारा गोंदियाकडचा टॉवरच बंद झाला. पेपरात आलं होतं. मी ते पान तांदळाच्या डब्याखाली घातलं. तुम्हाला कळलं तर तुम्ही गच्चीवर जाणं सोडाल, दिवसभर भिंतीकडे पाहत बसाल, याची भीती वाटली. म्हणून रोज सकाळी दहाला तुम्ही वरून विचारायचात आणि मी कोऱ्या मुंग्यांकडे बघत म्हणायचे, "नाही आलं, थोडं फिरवा." तुम्ही खाली येऊन म्हणायचात, "उद्या पाहू." किती फसवते मी तुम्हाला, असं रोज वाटायचं.

आणि तो दिवस. वारासिवनीहून बहिणीचा फोन होता, तिची कसलीतरी लांबलचक गोष्ट चालू होती. तुम्ही एकदा विचारलंत, दोनदा विचारलंत. तिसऱ्यांदा मी वैतागून ओरडले, "आलं! आलं, अवो! उतरा आता!"

तुम्ही उतरलात. हात धुतलेत. टीव्हीकडे पाहिलंसुद्धा नाही. "आलं ना? मंग बरं झालं," म्हणालात आणि खुर्चीत बसलात. त्यानंतर पुन्हा गच्चीवर गेला नाहीत. अठरा दिवसांनी त्याच खुर्चीत दुपारी गेलात.

सात महिने मी समजत होते की तुम्ही माझं खोटं पकडलंत, मनातून दुखावलात. रोज माफी मागत होते.

काल वर जाऊन मी बूस्टरचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला तुमचं बारीक अक्षर होतं. कधी सांधा बदलला, कधी पाणी शिरलं, कधी बूस्टर नवा टाकला, सगळं तारखांसकट. शेवटची ओळ टॉवर बंद झाला त्याच आठवड्यातली: 'प्रक्षेपण बंद. तार काढली.' तारेच्या टोकाला टेप नीट गुंडाळलेला होता.

तुम्हाला माहीत होतं! अर्थात माहीत असणार. चहाच्या टपरीवर गावभराची खबर तुम्हाला माझ्याआधी लागायची, आणि मी डब्याखाली पान लपवते! मग दोन वर्षं वर करत काय होतात? नुसता पाइप धरून उभे राहायचात? माझ्या "नाही आलं"साठी?

असं खाली, समोर बसून बोलला असतात तर काय बिघडलं असतं हो? आणि मी तरी कुठं बोलले!

तार नव्हती. म्हणजे 'आलं' हे खोटं आहे, हे तुम्हाला वर उभ्या उभ्याच कळलं. तुम्हाला एवढंच ऐकू आलं की हिला आता पुरे झालं. म्हणून उतरलात. मला पुरे झालं नव्हतं हो! फक्त एक फोन चालू होता.

डिशवाल्याला मी परत पाठवला. जाताना तो म्हणाला, "आंटी, ये अब किसी काम का नहीं." मी म्हटलं, राहू दे बेटा.

वचन देते, हा पाइप माझ्या हयातीत इथून हलणार नाही. रोज दहाला मी फोन आत ठेवून खिडकीशी येईन. तुम्ही कितीदाही विचारा, मी वैतागणार नाही.

नाही आलं, अवो. अजून थोडं फिरवा. उतरू नका.

तुमचीच,
कुसुम