ठाणेदाराचा काचबिंदू आणि आपली पिशवी

राजापेठ, अमरावती

श्रीयुत खुशालराव इवायबुवा यांना केशवरावाचा रामराम. (साक्षगंध अजून व्हायचं आहे, पण ‘होणारे व्याही’ लिहिलं की नातं उधारीवर घेतल्यासारखं वाटतं, म्हणून गाळलं.) आपला गुडघा आता बरा असेल. इहीनबाईंना नमस्कार. अकोल्याच्या उन्हाचं विचारत नाही, आमचंही तेच आहे.

पत्रास कारण, परवा बैठकीला आलात तेव्हा आमच्या कुत्र्यानं आपल्या पिशवीवर पाय वर केला. आपण ‘मुकं जनावर हाये’ म्हणून सोडून दिलंत. पण आत आमच्या पौर्णिमेसाठी आणलेली साडी होती, आणि इहीनबाईंचा चेहरा मी पाहिला आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

त्याचं नाव ठाणेदार. पौर्णिमा कॉलेजात असताना त्याला ओढणीत गुंडाळून घरी घेऊन आली. दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायचा, म्हणून नाव मी ठेवलं. गेल्या हिवाळ्यात त्याचा डावा डोळा लाल झाला, मग धुरकट निळा, आणि तो भिंतीला डोकं लावून बसू लागला. शेजारच्या सत्यभामाबाईंनी दृष्ट काढली. (त्यानं मोहऱ्या हुंगल्या आणि त्यांच्याच अंगावर शिंकला.) मी म्हटलं मोतीबिंदू असेल, पिकला की काढू, आमच्या आईचा काढला तसा. पौर्णिमेनं कोणाचं ऐकलं नाही, दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्याचा दाब मोजून सांगितलं, काचबिंदू आहे. डोळ्यातलं पाणी आतच तुंबतं, त्या दाबानं नजर जाते आणि डोकंही ठणकतं. मी विचारलं, चष्म्यानं भागेल का? बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि उत्तर पौर्णिमेला दिलं. डावा डोळा काढावाच लागला. उजव्याचीही नजर पुढे गेली. आता त्यात थेंब घालतो ते निदान दुखू नये म्हणून.

नजर गेली त्या दिवशी तो अंगणाच्या मधोमध उभा राहिला तो हललाच नाही. पाण्याचं भांडं समोरच होतं, पण पाऊल टाकायची हिंमत होईना. मला जेवण गेलं नाही. (घरात दाढ दुखते म्हणून सांगितलं.) पौर्णिमा मात्र कामाला लागली. खाटेच्या पायांना चिंध्या बांधल्या, सामान हलवायला बंदी केली, आणि त्याला हात लावण्याआधी आवाज द्यायचा असं सगळ्यांना बजावलं. आमच्या सौ. माणिकबाईंनी लग्नातले पैंजण पेटीतून काढून स्वतःच्या पायात घातले, म्हणजे त्याला माग लागावा. तेव्हापासून पुढे छमछम माणिकबाई, मागे ठाणेदार आणि त्याच्या मागे थेंबांची बाटली घेऊन मी, अशी वरात घरात फिरते. मी घरीच फुलांचे हार करून विकतो, ते न्यायला आलेलं गिऱ्हाईक हे पाहून फाटकातूनच परत जातं. एकदा गल्लीतल्या लग्नाला कोणी बाई पैंजण वाजवत निघाली, तर हा तिच्या मागे थेट पंगतीत जाऊन बसला. लोकांनी वाढलंही. दोनदा मठ्ठा घेतला म्हणतात.

हळूहळू त्याला सगळं घर पाठ झालं. ओट्याच्या कोपऱ्यातला खांब त्याचा स्वतःचा. आपण पिशवी नेमकी त्याच खांबाला टेकवलीत. त्यानं हुंगून पाहिलं, जागा बरोबर निघाली. पुढचं आपण पाहिलंच. शिवाय तो घोरतो, पाहुण्यांच्या चपलांवर झोपतो आणि थेंब घालताना माणसाच्या शर्टाला नाक पुसतो, हेही आपल्या कानावर असावं.

आपला,
केशवराव

ता. क. पौर्णिमा ठाणेदाराला सासरी घेऊन येणार म्हणते. आपले चिरंजीव नितेशराव आम्हाला न विचारता हो म्हणून बसले आहेत. आपण नाही म्हणा. इहीनबाईंना कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात म्हणा, साडीचं नाव घ्या. त्याचे अवगुण इतके लांबवून लिहिले ते त्यासाठीच. मी लिहिलं हे पोरीला कळू देऊ नका.

आणखी एक. पाकीट बंद करायच्या आत माणिकबाईंनी पत्र वाचलं. म्हणाल्या, “कुत्र्याले कावून मधात घालता? पोरगी चालली म्हणून जीव तुटून राह्यला, तसं लिवा ना.” तर तसं लिहितो. इवायबुवा, पोट्टी चांगल्या घरी जाऊन राह्यली, त्याचं काही नाही. पण दोघंही एकदम गेले, तर संध्याकाळी मी कोणाच्या डोळ्यात थेंब घालू? माणिकबाई म्हणते, माह्याच डोळ्यात घाला. तिचे कालपासून वाहूनच राह्यले.