गाडीच्या ओठाखालची फळी

२ नोव्हेंबर, रविवार

करुणा आज आमच्या गाडीखाली शिरली! पांढरा कुर्ता घालून. आणि तिच्या कुर्त्याला डाग लागू नये म्हणून अतुल धावत वर आला आणि सतरंजी घेऊन गेला. माझी सतरंजी. लग्न झाल्यापासून मी फरशीवर बसून लोकांच्या ब्लाऊजना हातशिलाई करते, तेव्हा याला सतरंजी कधी सुचली नाही.

करुणा म्हणजे याच्या वाळूजच्या कंपनीत दिवाळीआधी पुण्याहून बदली होऊन आलेली. डिझाइनमध्ये आहे. गाड्यांचं वेड आहे म्हणे. यालाही आहे, मग काय विचारता!

तर आता गाडीला स्प्लिटर बसवायचाय. स्प्लिटर म्हणजे पुढच्या बंपरखाली आडवी फळी, गाडीनं खालचा ओठ पुढं काढल्यासारखी. ती हवा कापते आणि गाडी रस्त्याला धरून राहते म्हणे. आमची गाडी जालना रोडच्या सिग्नलवर उभी असते तेवढी कुठंच नसते. तिथं कसली हवा कापणार? विकतही मिळतो, पण करुणाबाई म्हणाल्या घरीच करू. म्हणजे दर रविवारी इथंच.

मी विचारलं, अहो, पण याचा उपयोग काय? म्हणाला, "तुला नाही कळायचं."

तिच्यासमोर म्हणाला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

फोन. चहाच्या वेळी फोन, जेवताना फोन. सगळं बोलणं सपोर्टचं. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तो नुसत्या क्लिपांवर अडकवलेला असतो. त्याला फळी लटकवली तर वेगात सगळंच उखडून हातात येईल. म्हणून आतून, गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासून पट्ट्या आणायच्या आणि फळीचं वजन त्यांच्यावर टाकायचं. बघा, मला कळतं. कान आहेत मला.

आणखी एक ऐकलं. ती याला 'अरे अतुल' म्हणते. मी या वहीत अतुल लिहिते, अरे-तुरे करते, ते इथंच. तोंडावर अहो. आईनं शिकवलं, सासूबाईंनी पक्कं केलं. आणि ही चार महिन्यांची ओळख नाही तर 'अरे' म्हणते, आणि हा 'ओ' देतो!

फोनवर तिला सांगत होता, "डावी बाजू जरा लोंबते, ती तनुजानं शिकताना ठोकली होती." आणि हसला.

झालं. दोन वर्षांपूर्वीचं ते अजून संपत नाही. कर्णपुऱ्याच्या मैदानात तो मला गाडी शिकवत होता. पहिल्या गिअरवर होते. वळवताना दगडाला जरासं लागलं, इतकं जरासं की आवाजही नीट आला नाही. आणि डाव्या बाजूचा बंपर खाली आला. त्यानं नुसती किल्ली काढून घेतली. त्या दिवसापासून मी शेजारी बसते. एजंटनं काढून दिलेलं लायसन्स नंतर पोस्टानं आलं, ते कपाटात साड्यांखाली आहे. विषय काढला की म्हणतो, "बघू. गाडीची हालत बघ आधी."

मीही गप्प बसते. चूक माझीच होती ना.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज गाडी करुणानं चालवली.

माझ्या डोळ्यांनी पाहिलं नाही. शेजारच्या सुरेखावहिनींनी पाहिलं, म्हणजे सगळ्या कॉलनीनं पाहिलं. दळण टाकायला चाललेल्या, वाटेतून परत फिरून मला सांगायला आल्या. "ती बाई चालवत व्हती अन् तुमचे मालक बाजूला. लई हसत व्हते बाई दोघं. मला काय, दिसलं ते सांगितलं."

अतुलला विचारलं. तर म्हणे बंपर कुठल्या वेगाला थरथरतो ते बघायचं होतं. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. बीड बायपासला जाऊन आले. "काय गाडी चालवते माहितेय! गिअर टाकलेला कळत नाही."

मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. टीव्ही लावला.

मला जळजळ होतेय आणि ती ॲसिडिटी नाही. तो तिच्याबरोबर हसला याची होतेच. त्याहून जास्त किल्लीची होतेय. मी मागितली तर गाडीची हालत, आणि तिनं न मागता हातात! त्याच गाडीत, त्याच सीटवर. ती सीट पुढं ओढून बसली असणार, उंचीनं माझ्याएवढीच आहे. आज मी गाडीत डोकावून पाहिलं. पुढं ओढलेलीच होती.

९ नोव्हेंबर, रविवार

ती आली. मी डोकं दुखतं म्हणून आत पडून राहिले. पोह्यांत मीठ जास्त टाकलं होतं. तिनं दोनदा मागून घेतले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ठरलंय की येत्या रविवारी पुठ्ठ्यावर माप काढायचं, मग फळी कापायची. बंपरच्या खालच्या कडेचा आकार पुठ्ठ्यावर उतरवायचा, एवढंच. त्यासाठी ही बाई रविवार घालवणार, हा तिच्यासमोर पुठ्ठा धरून उभा राहणार आणि मी चहा देणार.

म्हटलं, माप काढणं हे कुणाचं काम? माझं! निम्म्या कॉलनीच्या पाठी माझ्या वहीत आहेत.

अतुल कंपनीच्या बसनं जातो, गाडी दिवसभर खालीच असते. दुपारी फ्रिजचा जुना पुठ्ठा घेऊन खाली गेले. बंपरला टेकवला, खडूनं कड मारली. उजवी बाजू छान उतरली. डावीकडं भिंत जवळ, वाकून बघायला जागा नाही. पण सगळं कशाला काढायचं? पुठ्ठा मधोमध दुमडला आणि घडीवर कापला. ब्लाऊजची पाठ मी अशीच कापते. अर्धी मापायची, घडीवर कापायची, उघडली की दोन्ही बाजू सारख्या. बाहेरच्या बाजूनं चार बोटं माया सोडली, तोच तो ओठ.

उघडून भिंतीला लावून पाहिला. देखणा दिसत होता. रविवारी ती येईल तेव्हा फळी तयार असेल. बघू मग कोण कुणाला सतरंजी आणतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शहागंजला गेले. मुश्ताकभाईंच्या दुकानात पाट्या बनतात, त्यांना लावतात तो पत्रा. दोन्हीकडं ॲल्युमिनियम, मधे काळं प्लॅस्टिक. हलका आणि कडक. हाच घ्यायचा हे फोनवर ऐकलेलं होतं.

मुश्ताकभाईंनी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. "भाभी, ये कौनसे दुकान का बोर्ड है?" म्हटलं गाडीचा आहे. ते म्हणाले, "एक बार गाडी को लगा के देख लेते. कटा तो कटा." मी म्हटलं, माझं माप आजपर्यंत चुकलेलं नाही.

कापून दिलं. रिक्षात मावेना, मांडीवर आडवं धरून आणलं. दिवाणाखाली ठेवलंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उद्या! निळा ड्रेस इस्त्री केला. का केला ते मला विचारू नये.

१६ नोव्हेंबर, रविवार

नीट लिहायला हवं. सगळं एकदम झालं.

ती आली. अतुल पुठ्ठा शोधत होता, तेवढ्यात मी दिवाणाखालून फळी काढली आणि खाली घेऊन गेले. अतुलचं तोंड उघडंच राहिलं. करुणा म्हणाली, "हे तू केलंस?" मला इतकं बरं वाटलं की तिचा राग विसरले होते. घटकाभर.

फळी बंपरखाली धरली. उजवीकडं अशी बसली की बोट जाईना. आणि डावीकडं दोन बोटं पुढं आली! सरकवली, फिरवली. डावी बसवावी तर उजवी निसटते. अतुल म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं मधे पडायला? आधी बंपर ठोकलास, आता पत्रा वाया घालवलास." तिच्यासमोर. सुरेखावहिनी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, त्यांचा हात तसाच वर राहिला.

मी फळी बाजूला ठेवली. डोळे भरले होते, बोलले असते तर सांडले असते.

करुणा पुढं झाली. क्लिपा काढल्या, अख्खा बंपर उतरवून सतरंजीवर ठेवला आणि डाव्या कोपऱ्यात टॉर्च मारला. आत हात घालून चाचपून पाहिलं. मग मला बोलावलं, अतुलला नाही. आत बंपर धरून ठेवणारा लोखंडी तुकडा असतो. उजवीकडं तो सरळ होता. डावीकडं मागं दाबला गेलेला, तुटलेला, आणि दुसरा तुकडा जोडून वेल्डिंग केलेला. वरून काळा रंग.

"तुझं माप बरोबर आहे," ती म्हणाली. "गाडी वाकडी आहे. तू कितव्या गिअरवर होतीस?"

"पहिल्या."

"पहिल्या गिअरवर लोखंड असं मुडपत नाही." मग त्याच्याकडं वळली. "अरे अतुल, हे वेल्डिंग कधी केलंस?"

तो पान्यांच्या पेटीत काहीतरी शोधायला लागला. पेटीत काय शोधत होता देव जाणे. तिनं परत विचारलं, तितक्याच शांतपणे. आणि मी दोन वर्षांत जे विचारलं नव्हतं त्याचं उत्तर त्यानं दिलं. कर्णपुऱ्याच्या आठ दिवस आधी, तेव्हाच्या बिडकीनच्या रात्रपाळीहून येताना डुलकी लागली आणि गाडी दुभाजकावर गेली. घरी कळू नये म्हणून गॅरेजमध्ये घाईघाईत जोडून घेतलं. जोड कच्चा होता. माझ्या हातून जरा धक्का लागला आणि बंपर खाली आला.

"मी सांगणारच होतो," म्हणाला. "पण तुला वाटलं तुझ्यामुळं झालं, मग..."

मग काय? मग सोयीचं झालं!

करुणा हात पुसत म्हणाली, मी निघते. मी म्हटलं, थांब, चहा घेऊन जा. सगळ्यांना चहा केला. त्याच्या कपात साखर टाकली नाही. तो मुकाट्यानं प्याला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज मी त्याच्याशी बोलले नाही. त्यानं स्वतःहून पोळ्या भाजल्या. कच्च्या होत्या, सगळ्याच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

माफी मागितली. नीट, समोर बसून. भीती वाटली होती म्हणाला. झोपेत गाडी चालवली हे कळलं असतं तर तू मला परत रात्रपाळीला जाऊ दिलं नसतंस. ते खरं आहे, नसतंच जाऊ दिलं. पण त्यासाठी माझी किल्ली?

करुणाचा राग गेला का? नाही. तिच्यावर जळणं आता उलट वाढलंय, फक्त जागा बदलली. ती याच्याबरोबर हसते याचं आता काही वाटत नाही. तिनं 'कधी केलंस' असं सरळ विचारलं याचा हेवा वाटतो. एवढा साधा प्रश्न. मी का नाही विचारला कधी? मी तर त्या गाडीत दोन वर्षं त्याच कोपऱ्याच्या मागं बसले.

हे लिहिल्यावर तिला फोन केला. म्हटलं, फळी नव्यानं करायचीय. म्हणाली, रविवारी येते. मग म्हणाली, पोहे करशील?

२३ नोव्हेंबर, रविवार

मीठ बरोबर टाकलं.

जोडलेला तुकडा काढून टाकला, नवा बसवून आणला. बंपर सरळ झाला आणि गंमत म्हणजे माझी पहिलीच फळी दोन्हीकडं बसली! घडीवर कापलेली. अतुल म्हणाला, वा. मी तिकडं लक्ष दिलं नाही.

आतून पट्ट्या मी आणि करुणानं लावल्या. ती गाडीखाली, मी बाजूनं नट धरून. सतरंजीवर दोघींना जागा पुरली. कॉलनीच्या गतिरोधकाला घासू नये म्हणून फळी बोटभर वर घेतली. करुणा म्हणाली यानं हवा काही फारशी कापली जाणार नाही. म्हटलं, मग आपण करतोय कशाला? म्हणाली, "छान दिसतं म्हणून." आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की सुरेखावहिनी खाली बघायला आल्या.

जाताना तिनं गाडीची किल्ली अतुलच्या पुढं धरली. तो हात पुढं करणार तेवढ्यात थांबला. मग त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं.

रोज सकाळी सातला कर्णपुरा. ती येणार आहे शिकवायला. त्याला मीच नको म्हटलं.

३० नोव्हेंबर, रविवार

वेरूळला जाऊन आलो. गाडी मी चालवली. दौलताबादचा रस्त्यातला अरुंद दरवाजा एका दमात पार केला, कुठंही न घासता. शेजारी करुणा. अतुल मागं, गुडघे पोटाशी घेऊन. घाटात त्यानं दोन सीटच्या मधून डोकं पुढं काढलं. तोंड एवढंसं झालेलं. "दोघी मघापासून काय हसताय? मलाही सांगा की."

मी आरशात पाहिलं. "अरे, तुला नाही कळायचं."