पन्नास पावलं

अप्पा, आज सकाळी तुमचं मेण खरवडून काढलं. ट्युनिंग पक्कं झालं की तुम्ही मेणात चिमूटभर कुंकू कालवून कॉइलमधल्या, स्क्रूसारख्या फिरणाऱ्या गाभ्यावर थेंब सोडायचा, म्हणजे तो हलणार नाही आणि दुसऱ्या कुणी हात लावला तर कळेल. भवानी पेठेतल्या आपल्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक रेडिओत तो थेंब असायचा. हा मात्र गिरणीतल्या साहेबांच्या खेळण्यातल्या मोटारीतला, परदेशातून आणलेल्या, रेडिओलहरींवर दुरून चालणाऱ्या. त्यांची बदली झाली तेव्हा ती जुन्या सामानात गेली आणि गेल्या महिन्यात मला जुन्या बाजारात सापडली. अशा मोटारी दुरुस्त करून रविवारी माळावर चालवते. ही दुसरी. सोबत कुणी नसतं.

ती दुरुस्तीला आपल्या दुकानात आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. इयरफोनमध्ये सतत खरखर असते, ट्रान्समीटरचं बटण दाबलं की ती जाऊन बारीक शिट्टी येते, आणि गाभा फिरवत शिट्टी सर्वांत स्पष्ट होते तिथे थांबवायचा. जवळून शिट्टी कशीही स्पष्टच येते आणि जागा चुकते, म्हणून ट्रान्समीटर घेऊन कुणीतरी लांब जावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. "पिंपळापर्यंत जा. पन्नास पावलं, मोजून," तुम्ही सांगता. दुपारची वेळ, पायात चप्पल नाही, फरशी भाजते आहे. बोळ वळला की मी तुम्हाला दिसत नाही. कोपऱ्यावर ओट्याची सावली आहे. मी तिथेच थांबते.

"कुटं हायस गं?"

"पिंपळापाशी, अप्पा."

"लई लवकर पोचलीस की."

"पळत आले."

"पळायचं न्हाय, मोजायचं. बरं, दाब."

साहेबांच्या मैदानावर मोटार पंधरा पावलं नीट गेली, मग कुणाचंच ऐकेना आणि दगडी कट्ट्यावर आदळली. साहेब हसले. "मिस्त्री, एकदा कान तपासून घ्या," म्हणाले. तुम्ही मोटार उचलून दिलीत. माझ्याकडे पाहिलंही नाहीत. रात्री जेवताना आईला एवढंच म्हणालात, "कान गेला की गं माझा."

दुसऱ्या दिवशी तुम्ही इयरफोन माझ्या कानात घातलात. "आता तू ऐक. तू थांब म्हणलीस की मी थेंब टाकतो." सात वर्षं तसंच चाललं, तुम्ही होतात तोवर. समोरचा घड्याळवाला म्हणायचा, "मिस्त्रीचा कान हल्ली परकर घालून बसतोय." तुम्ही हसायचा. पुढे मी डिप्लोमा केला. आता नोकरीत दिवसभर मोजमापच करते.

आज मेण खरवडण्याआधी गाभ्याच्या खाचेची दिशा सुईने कोरून ठेवली. पलीकडे जायला कुणी नव्हतं, म्हणून बटण रबराने बांधलं, ट्रान्समीटर दगडावर ठेवला आणि बारा पावलं मोजत परत आले. बोळाचा कोपरा दुकानापासून तेवढाच लांब होता. गाभा पूर्ण बाहेर फिरवला आणि इयरफोन लावून डोळे मिटून पुन्हा आत आणला. शिट्टी सर्वांत स्पष्ट झाली तिथे थांबले. खाच कोरलेल्या खुणेवर, तुमच्याच जागी होती. तीनदा करून पाहिलं. मग ट्रान्समीटर पन्नास पावलांवर नेऊन ठेवला. आता शिट्टी स्पष्ट व्हायला गाभा त्या खुणेच्या पाव आटा पुढे न्यावा लागला. मोटार माळाच्या टोकापर्यंत गेली, वळली आणि परत आली. मेण मी अजून टाकलेलं नाही.

कान तुमचा शाबूत होता, अप्पा. हे मोजायला मला आजचा दिवस लागला, असं लिहून थांबता आलं असतं. पण मला ते त्या रात्री ताटावरच माहीत होतं. सकाळी सांगेन असं ठरवलंही होतं. सकाळी तुम्ही इयरफोन पुढे केलात, आणि मला तो हवा होता.