आकाशपाळण्याखालचा फिटर

ता. ३ मार्च

चि. पिंट्यास,

अनेक आशीर्वाद लिहायची रीत आहे, म्हणून लिहिले. मनात एकही नाही.

परवा तुझी भाची मैत्रिणींबरोबर तुमच्या पार्कात आली होती. 'भुताटकी फेरी'चं तिकीट काढलं, आणि आकाशपाळण्याखाली काळा झगा घालून उभा कोण, तर सख्खा मामा! तू पन्नास माणसांना रंगवून सांगितलंस, की इथे एक दारुडा फिटर होता, कुणी पाळणा चालू करू नये म्हणून स्विचला लावायचं कुलूप न लावताच खाली शिरला, पाळणा फिरला आणि चेंगरून मेला. अजून लोकांचे पाय ओढतो. माणसं खिदळली. पोरगी दोन दिवस जेवली नाही.

कुलूप विसरले, ती ह्यांची चूक झाली. पण दारू? आयुष्यात शिवले नाहीत. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोस होय रे? गोष्ट बंद कर, नाहीतर तिथे येऊन तुझा झगा फाडीन.

लोभ ठेवायचा की नाही, ते तुझ्या उत्तरावर.

ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. मी भावोजींचं नाव तरी घेतो का? कुलूप घरी विसरले, हे चौकशीच्या अहवालात आहे, माझ्या पदरचं नाही. तेव्हा पाळणा मी चालवायचो. अपघातानंतर हँडलला हात लावायची हिंमत होईना, म्हणून साहेबांनी हा झगा दिला. लोकांना भूत हवंय, मी देतो. उगाच राईचा पर्वत करू नकोस.

तरी तुझ्या शब्दाखातर दारू काढली. आता भूत बिचारं आपलं कुलूप शोधत फिरतं. ते मिळतं स्विचखोलीत, कडी कापलेलं, हिरवी रिबीन तशीच लोंबतेय. काल दोन बायका रडल्या. झालं समाधान?

भाचीला म्हणावं, मामावर राग धरू नकोस. लोभ आहे, तो असू दे.

पिंट्या

ता. १४ मार्च

पिंट्या,

आशीर्वाद संपले.

ती रिबीन मी बांधली होती. सगळ्या फिटरांची कुलपं सारखी, अदलाबदल व्हायची, म्हणून अपघाताच्याच दिवशी सकाळी पोरीच्या वेणीची रिबीन कडीला गुंडाळली. ह्यांनी ते खिशात टाकलं की ओट्यावर राहिलं, मला आठवेना. चौकशीवाले म्हणाले घरीच राहिलं, तर सहा वर्षं मी घर उपसत बसले. पिठाचे डबेसुद्धा पालथे केले.

घरी राहिलेलं कुलूप तू कुठे पाहिलंस? म्हणजे ते स्विचला होतं. किल्ली ह्यांच्या खिशात, हे पाळण्याखाली, आणि हँडलपाशी तू. कापलं कुणी? सरळ उत्तर दे.

ताई

ता. १९ मार्च

ताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. शाळेची सहल रांगेत ओरडत होती, साहेब डोक्यावर बसले होते. वाटलं, भावोजी जेवायला गेले आणि कुलूप काढायचं विसरले. एकदा वाकून पाहिलं असतं तर! साहेबांनी कटर दिला, मी कापलं. नंतर म्हणाले, तोंड शिवून ठेव. ती रिबीन डोळ्यांपुढून जात नाही गं. गोष्टीत कधी शिरली, मलाच कळलं नाही.

तू बोललीस तर माझा संसार मातीत जाईल. आपण एका आईच्या पोटचे. हे पत्र जाळून टाक.

लोभ मागायलाही तोंड नाही, तरी मागतो.

पिंट्या

ता. २४ मार्च

पिंट्या,

पत्र जाळलं नाही. सरकारी निरीक्षकांच्या टेबलावर ठेवलं आणि पोच घेतली. सोमवारी तुला आणि तुझ्या साहेबांना बोलावणार आहेत. पत्र पोरीने वाचून दाखवलं, एकदाही अडखळली नाही.

एका आईच्या पोटचे, हे आज सुचलं तुला? सहा वर्षं माझ्या घरी जेवलास, आणि ह्यांच्या विसरभोळेपणावर माझ्यासमोर बसून मान हलवलीस. मीही हलवली. ह्यांच्या फोटोपुढे उभी राहून रोज बोल लावले, की एवढंसं कुलूप सांभाळता आलं नाही तुम्हाला, पोरीला कुणाच्या भरवशावर टाकून गेलात? अहवाल निरीक्षक दुरुस्त करतील. माझे ते शब्द आता कुणापुढे मागे घेऊ रे?

लोभ मागू नकोस. उरला नाही.

ताई