शेवटचा धागा

प्रेसिडेंट साहेब,

कॉलेज मे महिन्यात बंद होणार, हे तुम्ही मुलींना कळवलंत ते बास्केटबॉल स्पर्धेच्या आदल्या दिवशी. छान मुहूर्त काढलात. सव्वीस वर्षं मी या टीमचा स्कोअर लिहितेय, पण इतकी गप्प टीम कधी पाहिली नव्हती.

तरी पोरी जिंकत गेल्या. काल आपल्याच जिममध्ये फायनलही मारली, दोन पॉइंटनी.

मग शिडी आली. फायनल जिंकली की प्रत्येकीने बास्केटच्या जाळीचा एकेक धागा कापायचा आणि शेवटचा प्रेसिडेंटसाठी ठेवायचा, ही इथली रीत. तो एकच उरला, तेव्हा कॅप्टन मॅरिटने शिडीवरून विचारलं, "लोर्नाबाई, साहेब कुठायत?"

"बर्फात गाडी अडकली असेल गं," मी म्हटलं. तुमच्यासाठी आजवर बरंच खोटं बोललेय, त्यात आणखी एक.

तेवढ्यात कोचच्या फोनवर तुमचा निरोप आला. तिने मोठ्याने वाचला, "अभिनंदन. सीझन संपला, तेव्हा सोमवारपर्यंत गणवेश धुऊन जमा करा. विकायचे आहेत."

"पण शुक्रवारी आपली मॅच आहे ना?" मॅरिट म्हणाली. "जिंकलेली टीम पुढे राष्ट्रीय स्पर्धेत खेळते, हे यांना माहीतच नाही?"

तो धागा तसाच ठेवून ती शिडीवरून उतरली.

गणवेश मिळणार नाहीत. हे पत्रही तुम्ही स्वतः वाचणार नाही, सेक्रेटरीला वाचायला द्याल. जाळी त्या एका धाग्यावर लोंबतेय. शिपाई काढायला आला होता, मी हात लावू दिला नाही. जिम बघायला गिऱ्हाईक येईल, तेव्हा ते काय लोंबतंय हे तुम्हीच सांगा.

लोर्ना टेस्के
स्कोअरचं टेबल, अजून तिथेच