पहिल्याच झटक्यात

प्रिय ताई,

बाबांची गाडी आज त्यांना न विचारता विकली. पाचव्यांदा इंजिन उघडून मेकॅनिकनेही हात टेकले, म्हणून भंगारवाल्याला बोलावलं. त्याने सहज चावी फिरवली, आणि सहा महिने ढिम्म असलेली ती बया पहिल्याच झटक्यात सुरू झाली! पण सह्या झाल्या होत्या. तो ती चालवतच घेऊन गेला.

आतल्या खोलीत बाबांनी आवाज ऐकला. "झाली एकदाची दुरुस्त! माझे बूट आण, चक्कर मारू."

खरं सांगायला जीभ रेटेना. मी बूट त्यांच्या पायात चढवले, नाड्याही बांधल्या.

तू रागावशील, म्हणून हे पत्र पाठवणार नाही. बाबा अजून बूट घालून खिडकीशी बसलेत, मी गाडी दारात आणीन म्हणून.

तुझा,
अजून तसाच भित्रा धाकटा